तेल-तूप सोडलं तरी कोलेस्टेरॉल का उतरत नाही?

रक्ताचा रिपोर्ट येतो. 'लिपिड प्रोफाइल' लिहिलेल्या पानावर दोन-तीन आकडे ठळक छापलेले असतात आणि त्याच दिवशी तुपाची बरणी वरच्या फळीवर जाते. अंड्यातलं पिवळं वेगळं निघू लागतं, भाजी पाण्यावर शिजू लागते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते तर आकडा जवळपास तिथल्या तिथे. मग काहीजण 'पथ्याने काही होत नाही' म्हणून सगळं सोडून देतात, तर काहीजण आणखी कडक पथ्य धरतात. दोन्हीत नुकसानच आहे. पथ्याने कोलेस्टेरॉल उतरतं, पण ते योग्य पथ्य असेल तर. शिवाय ते किती उतरू शकतं याला एक मर्यादा आहे. ती माहीत नसली की माणूस औषधाची वेळ दवडून बसतो.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये खास भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिली लिपिड तपासणी वयाच्या अठराव्या वर्षीच करावी, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे हा विषय आता फक्त पन्नाशीतल्यांचा राहिलेला नाही.

## शरीराला लागणारा माल

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. ड जीवनसत्त्व, अनेक संप्रेरकं आणि पचनाला लागणारं पित्त यांचा तो कच्चा माल आहे. गरजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतः तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यकृताचा असतो. अन्नातून जास्त आलं की यकृत आपलं उत्पादन कमी करतं. त्यामुळे 'ज्या पदार्थात कोलेस्टेरॉल, तोच रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणार' हा सरळ हिशेब बहुतेकांच्या बाबतीत चुकतो.

मेण पाण्यात विरघळत नाही, तसं कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. म्हणून ते गाड्यांतून फिरतं. एलडीएल म्हणजे माल पोचवणारे टेम्पो. एचडीएल म्हणजे जादा माल उचलून यकृताकडे परत नेणारी घंटागाडी. रिपोर्टमधला तिसरा शब्द ट्रायग्लिसराइड. ही साठवणीची चरबी आहे, म्हणजे खाऊन न खर्चलेलं इंधन. तिचं नातं तुपापेक्षा साखर, मैदा, भात आणि दारूशी जास्त जवळचं आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

## टेम्पो तुंबतात कुठे

टेम्पोंनी माल पोचवला की उरलेले परत यकृताकडे येतात. यकृताच्या पेशींवर त्यांना आत घेणारी दारं असतात. ही दारं मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी शोधली आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. दारं भरपूर उघडी असली की रस्ता मोकळा राहतो. दारं कमी झाली की टेम्पो रक्तात फिरतच राहतात आणि जेवढे जास्त दिवस फिरतात तेवढे धमनीच्या अस्तरात घुसून बसतात. तिथे सूज येते, थर साचतो, आणि एक दिवस तो थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाली की हृदयविकाराचा झटका येतो.

आहाराचं सगळं गणित या दारांशी येऊन थांबतं. काही पदार्थ दारं बंद करतात, काही ती उघडायला लावतात. आपण काय सोडतो यापेक्षा त्याने दारांचं काय होतं, हे पाहायचं.

थर एका वर्षात साचत नाही. एलडीएल किती आणि किती वर्षं, या दोन्हींचा गुणाकार महत्त्वाचा. तिशीत १५० असलेला आणि काहीच त्रास नसलेला माणूस पन्नाशीला येईपर्यंत वीस वर्षांचा थर जमा करून बसलेला असतो. म्हणूनच 'मला काही होत नाही, मग कशाला' हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. वाढलेल्या कोलेस्टेरॉलने काहीच जाणवत नाही. चक्कर, मुंग्या, थकवा यांचा त्याच्याशी संबंध जोडू नये.

## रिपोर्ट वाचताना

समजा रिपोर्टमध्ये असे आकडे आहेत: एकूण कोलेस्टेरॉल २२८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २१०. (सगळे दर डेसिलिटर रक्तात मिलिग्रॅममध्ये.) बऱ्याच प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण वजा एचडीएल, वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. म्हणजे २२८ वजा ३८ वजा ४२, बरोबर १४८. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही. तेव्हा एलडीएल थेट मोजून मागावं.

आता एकूणमधून फक्त एचडीएल वजा करा: २२८ वजा ३८, म्हणजे १९०. हा 'नॉन-एचडीएल' आकडा. त्रास देऊ शकणाऱ्या सगळ्या गाड्या त्यात येतात. भारतीयांमध्ये ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी, हे रूप फार दिसतं. अशा वेळी एकटा एलडीएल आकडा धोका कमी दाखवतो. म्हणून हा आकडा पाहाच. बहुतेक रिपोर्टवर तो छापलेला असतो, पण त्याच्याकडे लक्ष जात नाही.

किती असावं, हे माणसागणिक बदलतं. २०२४ च्या सूचनांनुसार इतर काही आजार नसलेल्याने एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत ठेवावं. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल तर ७० आणि १००. झटका येऊन गेला असेल, पक्षाघात झाला असेल किंवा मूत्रपिंडाचा जुनाट आजार असेल तर ५५ आणि ८५. शेजाऱ्याला १२० वर डॉक्टर काही बोलले नाहीत आणि आपल्याला ९० वर गोळी दिली, यात घोटाळा नसतो. दोघांची रेघ वेगळी असते.

एचडीएल ७० आहे म्हणून एलडीएल १६० चालेल, असं मात्र नाही. औषधाने एचडीएल वाढवून पाहिलं, तरी झटके कमी झाले नाहीत. गल्लीत घंटागाड्या किती उभ्या आहेत याने कचरा किती उचलला जातो ते कळत नाही.

## दार बंद करणारी चरबी

साजूक तूप, लोणी, वनस्पती तूप हे पदार्थ साध्या तापमानाला घट्ट होतात. खोबरेल थंडीत गोठतं. या चरबीला शास्त्रात 'संपृक्त' म्हणतात. आपण तिला गोठणारी चरबी म्हणू. यकृताची दारं कमी करते ती हीच. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने ती २२ ग्रॅमच्या आत ठेवावी. एलडीएल वाढलेलं असेल तर १५ ग्रॅमच्या आसपास.

आता साध्या शाकाहारी दिवसाचा हिशेब करू. चहा, दही, रात्रीचा पेला मिळून ४०० मिलिलिटर म्हशीचं दूध: त्यात साडेसहा टक्क्यांनी २६ ग्रॅम चरबी, पैकी साधारण १६ ग्रॅम गोठणारी. दोन लहान चमचे तूप: ६ ग्रॅम. भाजी-आमटीतलं ३० ग्रॅम शेंगदाणा तेल: ५ ग्रॅम. पोह्यांवर, कोशिंबिरीत मिळून २० ग्रॅम ओलं खोबरं: ६ ग्रॅम. झाले ३३ ग्रॅम. बाहेरचं काही खाल्लं नाही, गोड नाही, तळण नाही, तरी १५ च्या दुप्पट.

यातला सर्वात मोठा आकडा तुपाचा नाही, दुधाचा आहे. घरात दोष मात्र तुपाला दिला जातो, दुधाला कोणी विचारत नाही. हेच दूध दीड टक्का चरबीचं, म्हणजे पिशवीवर 'डबल टोन्ड' लिहिलेलं घेतलं तर १६ चे ४ ग्रॅम होतात. एका बदलात १२ ग्रॅम कमी. चार लहान चमचे तूप बंद करून जेवढा फरक पडेल तेवढा. (दही आणि चीजमधली चरबी लोण्यातल्या चरबीपेक्षा एलडीएल जरा कमी वाढवते असं दिसलं आहे, पण मापं इतकी मोठी असताना त्या सवलतीवर विसंबू नये.)

'आम्ही साय काढूनच दूध पितो' हे उत्तर इथे येतं आणि ते खरंही असतं. पण ती साय जाते कुठे ते पाहा. दूध तापवून, गार करून, वरची जाड साय रोज डब्यात जमा होते. आठवड्याने तिला विरजण लागतं, लोणी निघतं, मंद आचेवर तूप कढतं, बेरी खाली बसते. रोज दीड लिटर म्हशीच्या दुधात जवळपास १०० ग्रॅम चरबी असते. त्यातली निम्मी जरी सायीबरोबर निघाली तरी आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम तूप होतं. चार माणसांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला अडीच लहान चमचे. म्हणजे पेल्यातून काढलेली चरबी पोळीवरून त्याच ताटात परत येते. घरचं तूप वाया घालवायला जीव धजत नाही, ते स्वाभाविक आहे. म्हणून सोपा रस्ता एकच: सायच कमी जमेल असं दूध घ्या. साय जमली नाही की तुपाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. वरणभातावरचा एक लहान चमचा तेवढा ठेवावा, त्यात ३ ग्रॅम जातात.

खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमची बिस्किटं आणि पाकिटातलं फरसाण यांत ही चरबी लपलेली असते. सरकारने १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. वनस्पती तूप घट्ट करताना तयार होणारी ही चरबी सर्वात वाईट होती, आणि ते पाऊल फार मोलाचं होतं. पण ट्रान्स फॅट कमी झालं म्हणून खारी निर्दोष झाली नाही. पापुद्रे सुटायला घट्ट चरबी लागतेच आणि ती बऱ्याचदा पामची असते. पाम तेलात जवळपास निम्मी चरबी गोठणारी असते. पाकिटाच्या मागे घटकांत 'पामोलीन' किंवा 'पाम तेल' पहिल्या तीनांत दिसलं, तर तो पदार्थ रोजचा करू नये.

## तेल कोणतं आणि किती

तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल शून्य' लिहिलेलं पाहून जास्त पैसे मोजू नका. वनस्पतींत कोलेस्टेरॉल असून नसल्यासारखंच असतं, त्यामुळे ते वाक्य प्रत्येक खाद्यतेलाला लागू आहे, पाम आणि खोबरेललासुद्धा. पाहायची ती गोठणारी चरबी. करडईत ती ७-८ टक्के, सूर्यफुलात १०-१२, तिळात आणि सोयाबीनमध्ये १५ च्या आसपास, शेंगदाण्यात १७ ते २०, राईस ब्रानमध्ये २० च्या वर. खोबरेलमध्ये ८५ च्या पुढे. पहिल्या सहांतलं कोणतंही घ्या, दर महिन्या-दोन महिन्यांनी बदला. करडईचं तेल सोलापूर-मराठवाड्याकडे पूर्वी घरोघरी असायचं, ते पुन्हा आणलं तर उत्तमच.

लाकडी घाण्याच्या तेलाला वास आणि चव छान असते. पण घाण्यावर काढल्याने शेंगदाण्याची चरबी बदलत नाही. घाण्याचं आहे म्हणून हात सैल सोडणं ही नेहमीची चूक.

प्रमाण असं: बैठं काम करणाऱ्याला तेल-तूप मिळून दिवसाला २० ते २५ ग्रॅम पुरतं, म्हणजे चार-पाच लहान चमचे. फोडणीची पळी एकदा चमच्याने मोजून पाहा, तिच्यात मोठे दोन चमचे सहज मावतात. रोज मोजत बसण्यापेक्षा महिन्याचं वाणसामान पाहणं सोपं. चार जणांच्या घराला महिन्याला साधारण तीन किलो, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आसपास, आणि त्यात तूपही धरायचं. पाच-सहा लिटर लागत असेल तर एखाद्या भाजीला दोष न देता पळी बदला. मिसळीची तर्री किंवा मटणाच्या रश्श्यावरचा तवंग वाढताना बाजूला काढता येतो. रस्सा तासभर फ्रिजमध्ये ठेवला तर वरची चरबी थिजून थर धरते आणि चमच्याने उचलली जाते.

## दार उघडायला लावणारा चोथा

पथ्य म्हटलं की आपण फक्त वजाबाकी करतो. पण या आजारात बेरीज तितकीच कामाची आहे, आणि ती राहून जाते म्हणूनच बहुतेकांचा आकडा हलत नाही.

तेलकट भांडं पाण्याने निघत नाही, साबण लागतो. आतड्यात तेलकट अन्नासाठी पित्त हा साबण आहे, आणि यकृत तो कोलेस्टेरॉलपासून करतं. काम झाल्यावर शरीर हा साबण फेकत नाही, आतड्याच्या शेवटी ९५ टक्के परत शोषून घेतं. विरघळणारा चोथा, म्हणजे पाण्यात भिजून बुळबुळीत होणारा धागा, या साबणाला धरून शौचावाटे बाहेर नेतो. यकृताला नवा साबण करावा लागतो, त्यासाठी कोलेस्टेरॉल हवं असतं, म्हणून ते दारं वाढवून रक्तातले टेम्पो आत ओढतं.

हा चोथा कशात असतो? ओट्स, जव, इसबगोल, कडधान्यं, भेंडी, गवार, वांगं, पेरू, सफरचंद, सालांच्या पांढऱ्या भागासकट मोसंबी-संत्रं. ओट्स आणि जवातल्या चोथ्याचे रोज ३ ग्रॅम पोटात गेले तर एलडीएल ५ ते ७ टक्के उतरतं. त्यासाठी साधे ओट्स ७५ ग्रॅम किंवा जव ६०-७० ग्रॅम लागतात. चमचाभर ओट्स दुधात टाकून हा परिणाम येत नाही. जवाचं पीठ ज्वारीत तिसरा हिस्सा मिसळलं की भाकरी थापली जाते. मात्र दुकानात 'सातूचं पीठ' म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा गहू आणि डाळं असतं, तेव्हा जव आहे का ते विचारून घ्या. ज्वारी-बाजरीचा चोथा मुख्यतः न विरघळणारा. पोट साफ राहायला तो चांगला, पण फक्त भाकरीवर एलडीएल उतरेल अशी अपेक्षा धरू नये.

इसबगोलाचा भुसा सर्वात खात्रीचा. दिवसाला १० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, दोन वेळांत विभागून घेतला तर ६ ते १० टक्के उतार मिळतो. एका लहान चमच्याने सुरुवात करा आणि दर आठवड्याला वाढवा, नाहीतर पोट फुगतं. मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या. कमी पाण्यात घेतला तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर हवं, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास, कारण तो औषधही धरून ठेवतो.

रोज एक मोठी वाटी, साधारण १३० ग्रॅम, शिजवलेलं कडधान्य खाल्लं तर आणखी ५ टक्क्यांच्या आसपास. मटकी, चवळी, कुळीथ, हरभरा, राजमा, वाल, काहीही. इथे फसगत होते ती पातळपणात. पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ मूठभरही नसते. उसळ दाट हवी. गॅस होत असेल तर रात्रभर भिजवा, पाणी ओता, मोड आणा आणि आधी पाव वाटीने सुरू करा.

रोज मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे किंवा बदाम-अक्रोडही थोडं काम करतात. त्यासाठी महाग सुकामेवाच लागतो असं नाही. भाजीतलं दाण्याचं कूट हा आपल्याकडचा चांगलाच पदार्थ आहे, फक्त त्याबरोबर तेलाची पळी कमी व्हायला हवी. मूठभर दाण्यांत १७० कॅलरी असतात. ते फरसाणाच्या जागी यावेत, फरसाणानंतर नाही. जवसाची चटणी भाजून, कुटून करा. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली कालवणात किंवा थोड्या तेलावर शेकून खावेत.

## तेल गेलं, साबुदाणा आला

आकडा बिघडण्याचं दुसरं मोठं कारण हे. तेल-तूप काढलं की पोट भरत नाही, मग एक पोळी वाढते, भात वाढतो, चहाबरोबर 'डाएट' खाकरा येतो, आठवड्यातून दोन उपास आणि त्यांत साबुदाणा, बटाटा, वऱ्याचे तांदूळ. भारतीयांच्या एकूण कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के आधीच पिष्ट आणि साखरेतून येतात, असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत दिसलं आहे. त्यात आणखी भर पडली की यकृत जादा साखरेची ट्रायग्लिसराइड करतं आणि एचडीएल खाली जातं. एलडीएल दहाने उतरलं, पण ट्रायग्लिसराइड साठने चढलं, असा रिपोर्ट यातूनच येतो.

म्हणून काढलेल्या चरबीच्या जागी काय ठेवता, ते महत्त्वाचं. दुधाच्या चरबीऐवजी दाणे, करडई-सूर्यफुलाचं तेल किंवा उसळ आली तर फायदा. बिस्किट किंवा फळांचा रस आला तर नाही. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर असेल तर पहिली कात्री चहातल्या साखरेला. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर झाली. दुसरी कात्री दारूला. आकडा ५०० च्या वर गेला तर प्रश्न हृदयापुरता राहत नाही, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तेव्हा पथ्य करून पाहू म्हणत थांबू नये, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावेत.

## चालण्याने काय होतं

आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. त्याने ट्रायग्लिसराइड चांगलं उतरतं, एचडीएल थोडं चढतं, एलडीएलवर परिणाम कमीच. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर सहा महिने नेमाने चालणारा माणूस एलडीएल तसंच पाहून निराश होतो. चालण्याचा फायदा रक्तदाब, साखर आणि हृदयाला मिळतच असतो.

वजन पाच ते दहा टक्के उतरलं तर ट्रायग्लिसराइड साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतं. आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा टेप जास्त खरं सांगते: कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत. सिगारेट, बिडी सोडली की एचडीएल काही आठवड्यांतच सुधारू लागतं. तंबाखू मळून खाणाऱ्यांनी आपण यातून सुटलो असं समजू नये, तंबाखू हृदयाला तोंडावाटेही त्रास देते.

## 'आजोबा वाटीभर तूप खाऊन नव्वद वर्षं जगले'

जगले असतील. पण ते दिवसभर शेतात राबत, चालत बाजाराला जात, आणि तूप त्यांना सणालाच वाटीभर मिळे. दुसरं म्हणजे आपल्याला आठवतात ते जगलेले आजोबा. पन्नाशीत छातीत कळ येऊन 'अचानक गेले' असे जे होते, त्यांची रक्ततपासणी कधी झालीच नव्हती. कोकण-गोव्यातल्या नारळाबद्दलही हेच विचारलं जातं. इतर वनस्पती तेलांशी तुलना करणाऱ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब २०२० साली झाला. त्यात खोबरेलाने एलडीएल सरासरी दहा मिलिग्रॅमने वाढलेलं दिसलं. माशाच्या कालवणातलं वाटण सोडा असं कोणी म्हणत नाही. एलडीएल वाढलेलं असेल तर ते रोजचं नको आणि फोडणीला खोबरेल नको, इतकंच.

## 'मी बारीक आहे, शाकाहारी आहे, मला कसं?'

कारण माल यकृतात तयार होतो आणि दारं किती असावीत हे बऱ्याच अंशी आईबापांकडून येतं. शिवाय दूध, तूप, खवा, पनीर हे सगळं शाकाहारीच आहे. थायरॉइड मंदावलं तरी दारं कमी होतात. म्हणून कोलेस्टेरॉल पहिल्यांदा वाढलेलं दिसलं की टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्यावी. थायरॉइडची गोळी सुरू होताच कोलेस्टेरॉल आपोआप उतरल्याची उदाहरणं भरपूर असतात. पाळी गेल्यावर स्त्रियांचं एलडीएल वाढतं, तेव्हा चाळिशीतल्या जुन्या रिपोर्टवर पंचावन्नाव्या वर्षी विसंबू नये.

अंड्याचं काय? एका अंड्यात २०० मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं, पण गोठणारी चरबी दीड-दोन ग्रॅमच. निरोगी माणसाला दिवसाला एक पिवळ्यासकट चालतं. मधुमेह असेल किंवा एलडीएल फार जास्त असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवावं. कोळंबीचंही तसंच आहे. भेजा, कलेजी आणि चरबीचं मटण यांना मात्र ही सवलत नाही.

## 'कोलेस्टेरॉल ही औषधवाल्यांची थाप आहे'

हा समज मोबाइलवर फिरत असतो आणि त्याने गोळ्या सुटतात, म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं. काही लोकांत जन्मतःच एक जनुक बंद असतं आणि त्यामुळे त्यांच्या यकृताची दारं जास्त टिकतात. अमेरिकेतल्या अशा कृष्णवर्णीय लोकांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी. त्यांना कोणी गोळी दिली नव्हती, जन्मभर टेम्पो कमी होते एवढंच. उलट ज्यांना जन्मतःच दारं कमी, त्यांना तरुणपणीच झटके येतात.

## पथ्य कुठे थांबतं

दूध बदललं, बेकरी सोडली, इसबगोल आणि उसळ रोज घेतली, दाणे फरसाणाच्या जागी आले, कंबर दोन इंच उतरली, असं सगळं मनापासून झालं तर एलडीएल १५ ते २० टक्के उतरतं. १४८ चे १२० होतात. कॅनडात डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने २००३ मध्ये अशाच पदार्थांचं तयार जेवण देऊन जवळपास २९ टक्के उतार मिळवला होता. पण लोकांनी आपापल्या घरी करून पाहिलं तेव्हा तो निम्म्यावर आला.

स्टॅटिन गटातली गोळी तीस ते पन्नास टक्के उतार देते, तीही यकृताची दारं वाढवूनच. त्यामुळे ज्याचं एलडीएल १२५ आहे आणि दुसरा काही आजार नाही, त्याने तीन महिने पथ्य करून पाहणं रास्त आहे. ज्याला झटका येऊन गेला आहे, त्याचं १४८ चं ५५ पथ्याने होणार नाही. त्याने गोळी थांबवून 'आधी नैसर्गिक' करून पाहणं धोक्याचं आहे. गोळी चालू असलेल्याने रिपोर्ट छान आला म्हणून ती बंद केली तर काही आठवड्यांत आकडा मूळपदावर येतो. तो छान आकडा गोळीचाच होता. अंग दुखतंय असं वाटलं तर डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. आणि गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते आधी सांगायला हवं.

## पुन्हा तपासताना

आहाराचा परिणाम चार ते सहा आठवड्यांत दिसू लागतो. तपासणी आठ ते बारा आठवड्यांनी करावी, त्याच प्रयोगशाळेत. नुसत्या चाचपणीला उपाशी पोट लागत नाही, पण ट्रायग्लिसराइड वाढलेलं असेल तर बारा तास उपाशी राहून द्या आणि आदल्या दोन दिवसांत लग्नाचं जेवण, दारू टाळा. ताप, मोठं आजारपण किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर थोडे आठवडे थांबा, त्या काळात आकडे खोटे खाली दिसतात. एकाच माणसाचं एलडीएल काही न बदलता आठ-दहा टक्के इकडेतिकडे होतं. म्हणून १४८ चे १४० झाले तर आनंद नको आणि १५५ झाले तर घाबरणंही नको.

आयुष्यात एकदा 'लिपोप्रोटीन ए' नावाची चाचणीही करून घ्यावी. हा एलडीएलचाच चिकट भाऊबंद आहे, अनुवंशाने ठरतो, पथ्याने हलत नाही. तो ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या आकड्यांची रेघ आणखी खाली न्यावी लागते.

आणि एलडीएल १९० च्या वर असेल, पापण्यांवर पिवळट चकत्या असतील, टाचेमागची शीर जाड झाली असेल किंवा घरात कोणाला पन्नाशीच्या आत झटका आला असेल, तर हा जन्मजात दोष असू शकतो. अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो असतो आणि भावंडांत, मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी. तेव्हा आपला रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जाताना भावंडांचं आणि मुलांचंही रक्त तपासून घ्या, मुलं शाळेत जाणारी असली तरी.